नाव नोंदवायचे तरी कुठे?

परदेशी मुले असलेल्या आईवडिलांना हल्ली त्या त्या देशाच्या सरकारी कारभाराची परिभाषा तोंडपाठ असते. सकाळची फेरी आटोपून बागेतल्या बाकावर टेकलेली मंडळी ऐका. अमेरिकेत मुलगा असेल तर एच-वन आणि ग्रीन कार्ड, इंग्लंडात मुलगी असेल तर कौन्सिल टॅक्स आणि ‘जी.पी.कडे रजिस्टर करणे’. त्यातलाच एक शब्दप्रयोग म्हणजे ‘एन.एच.एस. डेंटिस्टकडे नाव नोंदवणे’. एन.एच.एस. म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा. हा शब्दप्रयोग तिथले पिढीजात रहिवासी वापरतात, कालपरवा उतरलेली आपली मुले वापरतात, दवाखान्यात फोन उचलणाऱ्या मुलीही वापरतात. गंमत अशी की, इंग्लंडपुरते बोलायचे तर २००६ सालापासून अशी नोंदणी कायद्यात अस्तित्वातच नाही.

नुसता शब्दाचा घोळ असता तर तो भाषातज्ज्ञांवर सोपवून मी मोकळी झाले असते. पण त्या शब्दाच्या मागे दुखणारी दाढ असते.

आधी थोडे स्पष्टीकरण. जी.पी. म्हणजे आपला जुना फॅमिली डॉक्टर. आपण राहतो त्या भागातल्या जी.पी.कडे अर्ज भरायचा, आपले नाव त्याच्या यादीत गेले की सर्दीपडशापासून मोठ्या रुग्णालयाच्या चिठ्ठीपर्यंत सगळी जबाबदारी त्याच्याकडे. त्याचे उत्पन्नही बव्हंशी यादीत किती माणसे आहेत यावर ठरते. हा हिशेब कुणालाही समजावा. दातांचे मात्र तसे नाही. तिथे हद्द नाही, विभाग नाही. तुम्ही देशातल्या कोणत्याही दवाखान्यात विचारू शकता आणि कोणताही दवाखाना ‘जागा नाही’ म्हणू शकतो. त्याने घेतलेच तर एक उपचार पुरा होईपर्यंत तुम्ही त्याचे रुग्ण. तो संपला की कायद्याच्या दृष्टीने नाते संपले. भरलेला दात वर्षाच्या आत निखळला तर फुकट दुरुस्त करून देण्यापुरता काय तो धागा उरतो. बाकी ‘आमच्याकडे तुमचे नाव आहे’ हे जे दवाखाने सांगतात, ती त्यांची सोय आणि त्यांचा चांगुलपणा.

माझी हयात राष्ट्रीयीकृत बँकेत गेली. नोकरीला लागले तेव्हा लेजरे हातांनी लिहिली जात. खाते उघडले की फोलिओ नंबर पडे, आणि त्या पानावर एकदा नाव चढले की बँक त्या माणसाला बांधली जाई. आमचे एक जुने मॅनेजर म्हणत, खातेदार आपल्याला विसरला तरी चालेल, आपल्याला त्याला विसरता येत नाही. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते ‘इनऑपरेटिव्ह’ होते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण त्यानंतरही खातेदार, किंवा तो गेला असेल तर त्याचा वारस, कागद घेऊन काउंटरवर उभा राहिला की पैसे द्यावेच लागतात. इंग्लंडातल्या कित्येक दंतदवाखान्यांचाही दंडक दोन वर्षांचाच आहे. फरक इतकाच की तिथे दोन वर्षे फिरकला नाहीत तर पानच फाटते. २०२० साली करोनामुळे मार्चअखेरीपासून जूनपर्यंत तिथले दवाखाने नेहमीच्या कामासाठी बंदच होते. नंतरही महिनोन्‌महिने कमी माणसे आत घेतली जात होती. त्या काळात राहून गेलेल्या कितीतरी लोकांना पुढे कळले की आपण आता ‘नवे पेशंट’ आहोत.

२०२४ च्या जानेवारीत मी मुलीच्या बाळंतपणासाठी नॉर्विचला गेले. बरोबर अळीव, डिंक, खारीक, जायफळ असा सगळा सरंजाम. तिला सातवा लागला होता. मी पोहोचल्यावर आठवड्याभरात तिच्या दाढेतले जुने सिमेंट निखळले आणि उजव्या बाजूने चावणे बंद झाले. मला काळजी वाटली नाही, कारण इंग्लंडात गरोदर बाईला आणि मूल झाल्यावर पुढचे बारा महिने एन.एच.एस.चे दातांचे उपचार पूर्ण मोफत असतात. तसा दाखलाही तिच्याकडे होता. सरकारने लिहून दिलेले, मुदतीची तारीख घातलेले वचन. बँकेतल्या माणसाला असा कागद पाहिला की बरे वाटते.

मग फोन सुरू झाले. एका दिवसात अकरा दवाखाने झाले. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळे माझ्याही कानांवर पडत होते. उत्तरे फार सभ्य होती. एकीकडे यादी बंद. दुसरीकडे प्रतीक्षायादी आहे, पण तीही बंद. एकीने सांगितले, मुलांना घेतो, मोठ्यांना नाही. तिचीच पुढची ओळ अशी की, ज्यांचे आईवडील आमच्याकडे आहेत अशाच मुलांना घेतो. आणि एका ठिकाणी, ज्या आवाजात ‘एन.एच.एस.साठी जागा नाही’ म्हटले त्याच गोड आवाजात, खासगी यायचे असेल तर परवा सकाळी साडेदहाला वेळ आहे, असेही सांगण्यात आले. दवाखाना तोच, खुर्ची तीच, डॉक्टरही तोच. मुलीने दाखल्याचा उल्लेख केला तेव्हा ती बाई म्हणाली, दाखला अगदी बरोबर आहे हो, पण तो जे एन.एच.एस.चे पेशंट आहेत त्यांच्यासाठी.

धनादेश अस्सल आहे, सही बरोबर आहे, खात्यात शिल्लकही आहे. फक्त तो वटवायला एकही काउंटर उघडे नाही. अशा वेळी शाखेत काय गहजब झाला असता याची कल्पना बँकेत काम केलेल्यांना येईल. तिथे कोणी आवाजसुद्धा चढवला नाही.

शेवटी १११ या नंबरवर फोन केल्यावर तातडीच्या सेवेतून चाळीस मैलांवरच्या गावी वेळ मिळाली. ते डॉक्टर फार सज्जन. त्यांनी तात्पुरते सिमेंट भरले, औषध दिले, होणाऱ्या बाळाची चौकशी केली आणि निघताना सांगितले, ‘आता पुढचे कायमचे काम तुमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडून करून घ्या.’

यात माझ्या मुलीचे विशेष काही नाही. नॉरफोक परगणा दातांच्या बाबतीत कोरडाठाक म्हणून ओळखला जातो. तिथली वर्तमानपत्रे त्याला दातांचे वाळवंट म्हणतात. पण वाळवंट तिथेच थांबत नाही. २०२२ साली बी.बी.सी.ने ब्रिटनभरच्या दवाखान्यांना फोन करून विचारले, तेव्हा दहापैकी नऊ ठिकाणी नवा प्रौढ रुग्ण एन.एच.एस.वर घेत नव्हते. मी तिथे असतानाच, २०२४ च्या फेब्रुवारीत, ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एक बंद पडलेला दवाखाना पुन्हा उघडला. नाव नोंदवण्यासाठी शेकडो माणसे रस्त्यावर रांगेत उभी राहिली आणि बंदोबस्ताला पोलीस आले. टीव्हीवर ती रांग पाहून मला आपल्याकडच्या रॉकेलच्या रांगा आठवल्या. थंडीत कुडकुडणारी म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया. हे दृश्य नवेही नव्हते. वीस वर्षांपूर्वी, २००४ साली, स्कारबरो नावाच्या समुद्रकाठच्या गावात अशीच रांग लागली होती. त्याही आधी, १९९९ च्या पक्षाच्या अधिवेशनात, पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दोन वर्षांत प्रत्येकाला एन.एच.एस.चा डेंटिस्ट मिळेल असे आश्वासन दिले होते.

एन.एच.एस.ची सुरुवात ५ जुलै १९४८ ला झाली तेव्हा दात, डोळे आणि बाकीचा देह यांत भेद नव्हता. सगळे मोफत. त्या काळच्या ब्रिटनमध्ये दातांची अवस्था अशी होती की काही भागांत लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देत, म्हणजे पुढे नवऱ्याला खर्च नको! मोफत म्हटल्यावर कवळ्यांसाठी इतकी झुंबड उडाली की सरकारचे अंदाज कोलमडले. १९५१ साली कवळी आणि चष्मा यांना शुल्क लागले, आणि ज्याने ही सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हनने त्या तत्त्वावर मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी दातांच्या उपचारांनाही शुल्क आले. तरीही या सेवेने केलेले काम लहान नव्हे. १९६८ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये शंभरातल्या सदतीस प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ पर्यंत इंग्लंडात हे प्रमाण शंभरात सहावर आले होते. त्यात टूथपेस्टमधल्या फ्लोराइडचा वाटा मोठा, पण नेमाने तोंडात डोकावणाऱ्या कुणा डॉक्टरचाही होताच.

१९९० साली खरीखुरी नोंदणी आली. तुमचे नाव दवाखान्याच्या यादीत असण्याबद्दलच डेंटिस्टला काही रक्कम मिळू लागली. लोक हौसेने नावे नोंदवू लागले, डेंटिस्टांनी अपेक्षेपेक्षा जास्त काम केले, बिल वाढले, आणि १९९२ साली सरकारने त्यांच्या मोबदल्यात सात टक्के कपात केली. तिथले डेंटिस्ट पहिल्यापासून सरकारी नोकर नव्हेत. ते आपापले दवाखाने चालवतात आणि सरकारशी करार करतात. कपात झाल्यावर कित्येकांनी पाटी तीच ठेवून आतला धंदा हळूहळू खासगी केला. जास्त काम केल्याची शिक्षा म्हणून दर कापायचा, हे अर्थखात्याच्या मंडळींनाच सुचू शकते.

मग २००६ चा करार आला. नोंदणी गेली आणि त्या जागी आला ‘यू.डी.ए.’, म्हणजे दातांच्या कामाचे एकक. इथे मात्र मला कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. हे तर आमचे टार्गेट! प्रत्येक दवाखान्याला वर्षाची एककांची संख्या ठरवून द्यायची आणि त्याप्रमाणे पैसे द्यायचे. नुसती तपासणी म्हणजे एक एकक. दात भरणे, काढणे, रूट कॅनाल म्हणजे तीन. कॅप, ब्रिज, कवळी म्हणजे बारा. वर्ष कधी संपते? ३१ मार्चला! ठरलेल्या कामाच्या ९६ टक्क्यांच्या खाली राहिलात तर न केलेल्या कामाचे पैसे परत करायचे. आणि एका एककाची किंमत प्रत्येक दवाखान्याला वेगळी, कारण ती २००४-०५ च्या सुमारास त्या दवाखान्याने काय कमावले होते त्यावर बेतलेली. बँकेत आम्हीही हेच भोगले आहे. एखाद्या शाखेचा आधीचा मॅनेजर आळशी निघाला तर त्याच्या आकड्यांवर पुढच्या दहा जणांचे नशीब.

आता या हिशेबात माझ्या मुलीकडे डेंटिस्टच्या नजरेने पाहा. तीन एककांत एक दात भरायचा की सहा भरून वर रूट कॅनाल करायचे, मोबदला तोच. २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत हा नियम जसाच्या तसा होता. त्यानंतर तीन किंवा अधिक दातांना पाच आणि दाढेच्या रूट कॅनालला सात एकके मिळू लागली, तेवढीच दुरुस्ती. ज्याची तुम्हाला दर सहा महिन्यांनी ओळख आहे त्याचे तोंड साधारण ठीक असते. चार वर्षे कुठेच न गेलेला नवा माणूस दार ढकलून आत आला की त्याच्या तोंडात काय काय निघेल सांगता येत नाही, आणि जे निघेल ते करण्यात तोटा. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज तोच दवाखान्याला सर्वांत महाग. मग ‘यादी बंद’ म्हणणाऱ्या डेंटिस्टला लबाड तरी कसे म्हणायचे? तो भाडे भरतो, नर्सचा पगार देतो.

सरकारच्या ध्यानात हे येत नाही असे नाही. २०२४ च्या मार्चपासून वर्षभर त्यांनी नव्या रुग्णामागे बक्षीस ठेवले. दोन वर्षांत कुठेही न गेलेल्या माणसाला तपासले तर कामानुसार १५ किंवा ५० पौंड जादा. मला आमच्या ‘खाते उघडा’ मोहिमा आठवल्या. पंधरवडाभर मंडप टाकून खाती उघडायची, आकडा विभागीय कार्यालयाला कळवायचा, आणि पुढच्या वर्षी त्यातली किती चालू आहेत ते कोणी विचारायचे नाही. खाते उघडणे आणि खातेदार सांभाळणे ही दोन निराळी कामे आहेत. त्या बक्षिसात दुसऱ्या कामाचा विचार नव्हता, आणि वर्ष संपल्यावर बक्षीसही संपले.

मुलीच्या खालच्या मजल्यावर एक मराठी मुलगी राहत होती. आपल्याकडची बी.डी.एस. झालेली, इथे चार वर्षे प्रॅक्टिस केलेली. भारतातली पदवी घेऊन तिकडे दाताला हात लावायचा तर आधी एक परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेच्या जागाच इतक्या थोड्या की नंबर लागणे हीच मोठी परीक्षा. ती तेव्हा एका दुकानात काउंटरवर काम करीत होती. वर दाढ दुखत होती, खाली डॉक्टर रिकामी होती आणि मध्ये दोन निरनिराळ्या नोंदण्या उभ्या होत्या. तिने माझ्या मुलीला लवंगेचे तेल आणून दिले.

पुढची हकीकत अशी की, मुलीचा दाखला मुदत संपेपर्यंत कोराच राहिला. २०२४ च्या डिसेंबरात ती बाळाला घेऊन पुण्याला आली तेव्हा आमच्या नेहमीच्या डेंटिस्टकडे रूट कॅनाल करून वर कॅप बसवली, रोख पैसे मोजून. त्या डॉक्टर सांगत होत्या की डिसेंबरात त्यांच्याकडे निम्मी गर्दी परदेशातून आलेल्यांची असते. म्हणजे बेव्हनसाहेबांच्या योजनेतला काही भाग आता विमानाने पुण्यात उतरतो आणि आपल्या पोरांच्या खिशातून भरला जातो. ज्यांना विमानाचे तिकीट परवडत नाही, ज्यांचे पुण्यात कोणी नाही, ते काय करतात? काही खासगी दर भरतात. काही जण घरीच पकडीने दात उपटतात. ही अतिशयोक्ती नव्हे, तिथल्या संसदेपुढे मांडला गेलेला प्रकार आहे. आणि इंग्लंडात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे सर्वांत मोठे कारण किडलेले दात हे आहे. श्वास नव्हे, ताप नव्हे, दात. भूल देऊन काढायचे दात.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठे काय आहे? खरे आहे. सरकारी डेंटल कॉलेजात केसपेपर काढून बाकावर बसायचे, नाहीतर पाकीट उघडायचे. नोंदणीची कल्पनाच नाही. म्हणून त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, असे माझ्या यजमानांचे मत. मला ते पटत नाही. आपण कधी तसे वचन दिले नाही. त्यांनी दिले होते, काही वर्षे पाळून दाखवले होते, आणि मग माघारी घेताना शब्द मात्र लोकांच्या तोंडी तसाच राहू दिला. न दिलेल्या कर्जापेक्षा मंजूर करून न दिलेले कर्ज जास्त माणसे बुडवते, हे मी शेतकऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे. मंजुरीच्या भरवशावर ते बियाणे घेऊन बसतात.

पुन्हा नोंदणी आणली की सगळे सुरळीत होईल, असेही नाही. स्कॉटलंडचे उदाहरण समोर आहे. तिथे नोंदणी राहिली, इतकेच नव्हे तर २०१० पासून ती आयुष्यभराची झाली. तपासणीला २००६ पासून शुल्क नाही. तरीही यादीत नाव असून दोन-दोन वर्षे खुर्चीत न बसलेली माणसे तिथे पुष्कळ आहेत. लेजरात नाव आहे, पण पासबुकात नोंद नाही. मात्र स्कॉटलंडातल्या माणसाला निदान कोणाला जाब विचारायचा हे ठाऊक आहे. नॉर्विचमधल्या मुलीने कोणाला विचारायचे? अकरा दवाखान्यांपैकी एकाचेही काही चुकले नव्हते. जी.पी. म्हणतो, दात माझ्याकडे नाहीत. सरकार म्हणते, आमच्या संकेतस्थळावर शोधा. सगळे बरोबर, आणि दाढ दुखतेच आहे.

म्हणून माझे मत असे की, मूल जन्मले की जसे त्याचे नाव जी.पी.च्या यादीत जाते, तसे ते एखाद्या दंतदवाखान्याच्या यादीतही आपोआप जावे, आणि डेंटिस्टला पैसे एककांवर नव्हे तर त्या यादीवर मिळावेत. बिघडलेल्या तोंडासाठी थोडे अधिक. खर्च वाढेल. २००६ साली १५.५० पौंड असलेले तपासणीचे शुल्क २०२५ च्या एप्रिलमध्ये २७.४० पौंड झाले होते, कॅप-कवळीचे १८९ वरून ३२६.७०, म्हणजे लोक आधीच जास्त मोजत आहेत, फक्त ज्यांना खुर्ची मिळते तेच.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्यासाठी कामाचे दोन शब्द. ‘रजिस्टर करता का’ असे विचारू नका, ‘एन.एच.एस.वर नवे रुग्ण घेता का, आणि प्रतीक्षायादी उघडी आहे का’ असे विचारायला सांगा. दूरच्या गावातही विचारा, हद्दीची अट नाही. एप्रिलमध्ये पुन्हा विचारा, तेव्हा नवे टार्गेट हातात आलेले असते. जागा मिळाली तर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने जी तारीख देतील ती चुकवू नका, दात दुखत नसला तरी. आणि बाळाचा पहिला दात दिसला की त्याच आठवड्यात त्याचे नाव चार ठिकाणी देऊन ठेवा. माझ्या नातीचे नाव तीन प्रतीक्षायाद्यांवर आहे. एका यादीत तिचे आडनाव चुकीचे लागले आहे. ते दुरुस्त करून घे, असे मी दर रविवारी फोनवर सांगते.